फुगलेल्या टायराची मोहीम

वाचणाराच्या चारही चाकांत हवा कायम राहो, त्याच्या गाडीच्या पोटाखालून कधी कसला आवाज न येवो, ऐसे प्रथम चिंतून ही हकीकत लिहावयास घेतली असे. पाणीपुरवठा कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क, घासाघीसबहाद्दर, जुन्या पावत्यांचे जामदार, फुकट पिशवी वसूल करणारांचे मेरुमणी, श्रीमंत हेडक्लार्कसाहेब यांनी आपल्या गाडीचा सायलेन्सर आणि टायर दुरुस्त करून घेण्याकरिता रास्त भावाचे गॅरेज धुंडाळले, तीन दिवसांत तीन मुलूख पालथे घातले, आणि अखेर फत्ते पावले, त्याचा साद्यंत वृत्तान्त येथे आहे. यात बखरनवीसाने पदरचे काही घातले नाही. साहेबांनी आपल्याच हातांनी इतके करून ठेविले होते की पदरचे घालावयास जागाच उरली नाही.

मोहिमेचे कारण ऐसे जाहले. साहेबांपाशी गाडी एक, वय वर्षे चौदा, रंग पूर्वी निळा. तिचा सायलेन्सर सहा महिन्यांपासून खडखडत होता आणि गाडी गल्लीत शिरली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची तान्ही मुले जागी होत आणि कुत्री पळत आणि शेजारी खिडक्या लावून घेत. त्यावर साहेबांनी मोठी मसलत करून जो उपाय योजिला तो हा, की गाडीतील रेडिओचा आवाज वाढविला. पुढला उजवा टायर झिजून तळहातासारखा गुळगुळीत जाहला होता, आणि पुढल्या डाव्याच्या कुशीस लिंबाएवढा फुगा आला होता. साहेब रोज सकाळी खाली उतरून त्या फुग्यास अंगठ्याने दाबून पाहात आणि तो कालच्याएवढाच आहे ऐसा निर्वाळा देऊन वर येत. हा बंदोबस्त त्यांस पुरेसा वाटत असे.

मग वर्तमान आले की साहेबांच्या सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी, ज्यांचा खुबा मोडला म्हणून इस्पितळात नवा बसविला होता, त्यांस शनिवारी सकाळी घरी सोडणार. डॉक्टरांचे फर्मान निघाले की वाटेत धक्का लागता कामा नये. सासूबाईंनी आज्ञा केली की आम्ही थोरल्या लेकीकडे येऊ, आणि लेकीच्याच गाडीतून येऊ. हे ऐकताच साडूसाहेबांचा खलिता फोनवर येऊन थडकला. हे साडूसाहेब म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान, फरशांचे मातब्बर व्यापारी, आणि त्यांनी गेल्याच साली एक पांढरी, उंच, घराच्या पहिल्या मजल्याएवढी गाडी खरेदी केली होती. खलित्यात मजकूर एवढाच, 'काळजी करू नका, आमची गाडी आहेच.' साहेबांनी तो खलिता चार वेळा वाचला आणि चौथ्या वेळी चष्मा काढून टेबलावर आपटला.

साहेबांच्या पत्नी, ज्यांस घरात बाईसाहेब म्हणत, त्यांस साडूच्या गाडीचे काही सोयरसुतक नव्हते. त्यांस भय एकच, की त्या फुग्यावर आपली आई बसणार, आणि वाटेत तो फुटला तर नवा खुबा आणि आई दोन्ही हातची जातील. हे भय खरे होते, आणि या सगळ्या मोहिमेत खरे म्हणावे ऐसे तेवढेच होते. तेव्हा त्यांनी बुधवारी सकाळी चहा पुढे ठेवितानाच हुकूम फर्माविला की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत टायर बदलून आणि आवाज बंद करून गाडी दारात उभी राहावी. न राहिल्यास साडूसाहेबांस बोलाविले जाईल आणि त्याबद्दल घरात कोणी तोंड वाकडे करू नये. साहेबांनी फुग्याचे मनावर घेतले नाही. साडूचे घेतले, आणि कूच करावयाचे ठरले.

आता साहेबांची युद्धनीती सांगणे प्राप्त आहे. त्यांचा चाळीस वर्षांचा सिद्धांत ऐसा, की दुकानदार मालाचा भाव सांगत नाही, गिऱ्हाइकाच्या मनगटाचा सांगतो. सबब कोठेही खरेदीस निघण्यापूर्वी साहेब घड्याळ उतरवून कपाटात ठेवीत, अंगठी साखरेच्या डब्यात पुरीत, आणि दाराआडच्या खिळ्यावरून 'भाव करायचा शर्ट' उतरवीत. हा शर्ट एके काळी चौकड्यांचा होता. पुढे चौकडी गेली आणि शर्ट राहिला. कोपरे विरले होते, आणि कॉलर झिजली तेव्हा बाईसाहेबांनी ती उसवून उलटी करून शिवून दिली होती, तीही पांढऱ्या शर्टास काळ्या दोऱ्याने, कारण पांढरा आणण्यास साहेबांनी मंजुरी दिली नाही. याच शर्टात साहेबांनी सोफा जिंकिला, दोन पंखे जिंकिले, आणि धाकट्या मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्यास रडविले. घरचे लोक तो शर्ट पाहिला की ओळखत, आज कोणाची तरी खैर नाही.

बुधवारी स्वारी ज्या पहिल्या गॅरेजवर चालून गेली ते सगळे काचेचे होते. दारी गणवेशातला पहारेकरी, आत थंड हवा, कॉफीचे यंत्र, आणि झाडाच्या कुंड्या ज्यांत खरे झाड एकही नव्हते. पहारेकऱ्याने शर्टाकडे एकवार पाहिले आणि हात करून सांगितले की मागल्या बाजूने यावे. साहेब मागल्या बाजूने गेले, तेथे एका बाकावर चारपाच गणवेशधारी माणसे मोबाईल पाहात बसली होती, त्यांनी सरकून जागा दिली, आणि साहेब त्यांच्यात दीड तास बसले. कॉफी कोणी विचारली नाही. तरी साहेब मनातून खूष, की वेषांतर उत्तम साधले, आता भाव जमिनीवर येणार.

मग आतून एक कागद आला. तो कागद पाहून साहेबांची जी अवस्था जाहली ती शत्रूवरही न येवो. पूर्ण सायलेन्सर नवा, टायर चार नवे, चाकांची सरळ-वाकडी तपासणी, चाकांत साधी हवा नको म्हणून महाग हवा, इंजिन आतून धुणे, गाडी बाहेरून धुणे, आणि आसनांस सुगंध. एकूण एक्केचाळीस हजार. साहेबांनी सुगंध वगळण्याबद्दल बोलणे लाविले. समोरच्या मुलीने कळविले की सुगंध भेट आहे. साहेबांनी मग भेट नको, त्याचे पैसे कमी करा, ऐसा मोर्चा बांधिला, आणि त्या मुलीने दुसऱ्या गिऱ्हाइकास हाक मारिली. स्वारी खडखडत माघारी आली आणि रेडिओ त्या दिवशी फार मोठ्याने लागला होता.

गुरुवारी दुसरा मुलूख. हे गॅरेज पत्र्याचे होते, दारात जुन्या टायरांचे बुरूज रचिले होते, आणि जमीन तेलाने ऐसी काळी की पायतळी काय आहे ते पायासच विचारावे. येथील शेठ मोठे प्रसन्न होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारिली, टायरास लाथ मारिली, वाकून सायलेन्सर हलविला, आणि मग साहेबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांस बुरुजांच्या आडोशास नेले. येथे जे बोलणे जाहले ते शब्दशः देणे भाग आहे, एरवी कोणाचा विश्वास बसावयाचा नाही.

"काका, मालक कसा आहे तुमचा?" शेठनी हळूच विचारले. "साधा आहे की हुशार?"

साहेबांस प्रथम काही उमगले नाही. मग पहारेकरी, मागले दार, बाक आणि न विचारलेली कॉफी ही सगळी एका ओळीत उभी राहिली, आणि उमगले की कालपासून दोन्ही ठिकाणी आपणांस आपलाच ड्रायव्हर समजत आहेत. तरीही तोंडून जबाब गेला तो हा.

"हुशार आहे. फार हुशार."

"मग वीस नको, अठराच सांगू. काम अकराचं आहे. अठरातले दोन तुमचे."

आता वाचणाराने थांबून विचार करावा. समोरचा माणूस आपल्या तोंडाने खरा भाव सांगून बसला. कोणी शहाणा असता तर म्हणता की मालक मीच, हे घ्या अकरा आणि लागा कामाला. एवढे बोलण्यास दहा शब्द आणि थोडी लाज लागती. परंतु साहेबांच्या कानी 'दोन' हा आकडा पडला, आणि आकडा कानी पडला की साहेबांचा मेंदू आपली जागा सोडून जिभेस मोकळे रान देत असे, ही त्यांची चाळीस वर्षांची खोड.

"दोन? दोन फार कमी होतात," साहेब म्हणाले. "पाच करा."

आणि मग त्या बुरुजांच्या आड तुंबळ युद्ध जाहले. शेठ अडीचवर आले, साहेब निघून जाण्याचे नाटक करून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. शेठनी आपल्या लेकरांची शपथ घातली, साहेबांनी आपल्या गरिबीचे ऐसे वर्णन केले की शेजारचा वेल्डर काम थांबवून ऐकत राहिला. अखेर पाऊण तासाने तह ठरला की ड्रायव्हरास चार द्यावे, आणि शेठचे नुकसान होऊ नये म्हणून मालकास अठराच्या जागी वीस सांगावे. मालक हुशार असला तरी त्यास आपण समजावू, ऐसे साहेबांनी वचन दिले. दोघांनी हात मिळविले आणि साहेब घामाघूम, परंतु विजयी मुद्रेने घरी परतले.

बाईसाहेब भाजी निवडीत होत्या. साहेबांनी सगळी लढाई साभिनय सांगितली, फाटकापर्यंत जाऊन परत येणे तर दोनदा करून दाखविले. बाईसाहेबांचा हात भाजीत थांबला.

"म्हणजे आपण त्याला वीस द्यायचे."

"हो."

"आणि तो तुम्हाला चार देणार."

"दोन देत होता! चारवर आणला."

"आपल्याच वीसातले."

बखरनवीसाने पुष्कळ पराभव पाहिले आहेत, परंतु स्वतःच्या गाडीवर स्वतःच दलाली ठरवून, ती वाढवून, आणि त्या वाढीपायी स्वतःचेच बिल चढवून येणारा योद्धा त्याने अद्याप पाहिला नव्हता. बाईसाहेब हसल्या असत्या तर बरे होते. त्या हसल्या नाहीत.

"जो तुमच्या ड्रायव्हरला विकत घेतो तो टायर तरी नवा घालेल का?" त्या म्हणाल्या. "त्या टायरवर माझी आई बसणार आहे हो. तुम्हाला कळतंय का काही?"

इतके बोलून त्यांनी भाजीची परात उचलिली आणि आत गेल्या. तेवढ्यात साडूसाहेबांचा दुसरा खलिता आला, 'गाडी धुऊन ठेवली आहे,' आणि तो मात्र साहेबांनी एकदाच वाचिला.

शुक्रवारी तिसरी चढाई. हे गॅरेज बाजारामागच्या बोळात, एकाच गाडीच्या मापाचे, आणि मालकीण एक बाई. वय साठीला टेकलेले, हात कोपरापर्यंत काळे, गळ्यात दोरीने चष्मा. भिंतीवर खडूने भाव लिहिले होते आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत फर्मान होते की ड्रायव्हरला कमिशन मिळणार नाही. साहेबांनी ते वाचिले. शर्ट मात्र तोच होता. इतक्या मोठ्या पराभवानंतरही त्यांनी शस्त्र बदलिले नाही, यास कोणी निष्ठा म्हणेल, बखरनवीस म्हणणार नाही.

टायरवाल्या बाईंनी गाडी जॅकवर चढविली, खाली सरपटत गेल्या, आणि बाहेर येऊन सांगितले की सायलेन्सरास काही झालेले नाही, त्यास धरून ठेवणारी रबरी कडी तुटली आहे आणि नळीस एक भोक आहे. कडी नवी, भोकास वेल्डिंग. मागले टायर अजून दोन वर्षे धावतील, पुढले दोन मात्र आत्ता फेकायचे. सगळे मिळून नऊ हजार. आणि मग त्यांनी डावे चाक उतरवून टायर उलटा धरिला आणि आतून दाखविला. आत फुग्याच्या जागी दोरे तुटून बाहेर आले होते आणि बाईंचे बोट त्यातून जवळजवळ आरपार गेले.

"किती दिवस चालवताय हा?" त्यांनी विचारले.

"सहा महिने."

"मागे बसतं कोण?"

"सासूबाई बसणार आहेत," साहेब म्हणाले. "उद्या. ऑपरेशन झालंय त्यांचं."

साहेबांनी आपला अंगठा, ज्याने त्यांनी सहा महिने फुगा दाबून निर्वाळे दिले होते, तो त्या दोऱ्यांवर ठेविला आणि लगेच काढिला. त्यांस भय वाटले. साडूचे नव्हे, लोकांचे नव्हे, साधे सरळ भय वाटले, आणि ते सहा महिने उशिरा वाटले हे नोंदवून पुढे जाऊ.

परंतु खोड ती खोड. क्षणभराने साहेबांनी विचारिलेच की नवाचे आठ होतील काय. बाईंनी न पाहता भिंतीकडे बोट केले. मग म्हणाल्या, "मालकांना फोन लावा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी नवा टायर घालत नाही. मागं एका ड्रायव्हरनं परस्पर काम करून घेतलं, मला भुर्दंड बसला."

"मीच मालक," साहेब म्हणाले.

बाईंनी चष्मा डोळ्यांस लाविला. वरपासून खालपर्यंत शर्ट पाहिला, कोपरे पाहिले, कॉलरीचा काळा दोरा पाहिला, आणि गाडीची कागदपत्रे मागितली. येथे इतिहासाने साहेबांचा सूड घेतला. चौदा वर्षांपूर्वी गाडी घेताना बायकांच्या नावे कर्ज अर्ध्या टक्क्याने स्वस्त मिळते ऐसे समजल्यावरून साहेबांनी गाडी बाईसाहेबांच्या नावे केली होती, आणि त्या अर्ध्या टक्क्याची गोष्ट पुढे दहा वर्षे येईल त्या पाहुण्यास ऐकविली होती. कागदांवर साहेबांचे नाव कोठेच नव्हते. टायरवाल्या बाईंनी विम्याच्या कागदावरचा नंबर फिरविला आणि हात काळे असल्यामुळे फोन मोठ्याने बोलेल ऐसा करून बॉनेटवर ठेविला.

"बाई, तुमची गाडी आलीये माझ्याकडे. सोबत एक काका आहेत, म्हणतात मीच मालक."



"शर्ट कसा आहे?" बाईसाहेबांनी विचारले.

"कॉलर उलटी शिवलीये. काळ्या दोऱ्यानं."

"मग आमचाच. ड्रायव्हर आहे."

साहेबांनी तोंड उघडिले, तोच टायरवाल्या बाईंनी पुढला प्रश्न टाकिला.

"किती वर्षं आहे तुमच्याकडे?"

"छत्तीस."

"विश्वासाचा आहे?"

"माणूस चांगला आहे हो. गाडी सांभाळून चालवतो. फक्त भाव करायला लागला की ऐकत जाऊ नका."

"कमिशन खातो का?"

"काल चार हजार ठरवून आला होता."

टायरवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांस स्टूल घेऊन बसावे लागले. मग बाईसाहेबांनी पुढला हुकूम दिला की टायर दोन्ही चांगल्यातले चांगले घालावे, कडी आणि भोकाचे काम पक्के करावे, नऊ म्हणजे नऊ द्यावे. "आणि पैसे त्याच्याकडूनच घ्या," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेविला. छत्तीस वर्षांत साहेबांचा घरातून कधी एकेरी उल्लेख जाहला नव्हता, तो त्या दिवशी जाहला, आणि तोही बाजारामागच्या बोळात, बॉनेटवरून. तीन तासांनी गाडी बाहेर निघाली तेव्हा तिचा काही आवाज होईना. साहेबांस दोनदा वाटले की इंजिन बंद पडले.

शनिवारी सकाळी इस्पितळाच्या दारी दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. साडूसाहेब आपली पांढरी गाडी घेऊन, कोणी बोलाविले नसता, 'म्हटलं असू द्यावी' म्हणत हजर होते. साहेबांच्या अंगात भाव करायचा शर्ट होता, कारण इस्पितळाचे बिल व्हायचे बाकी होते. पहारेकऱ्याने पांढऱ्या गाडीस सलाम केला आणि साहेबांस ओरडून सांगितले, "ओ ड्रायव्हर, गाडी पुढे घ्या जरा!" साहेबांनी घेतली. आता त्यांस सवय होत चालली होती.

सासूबाई चाकांच्या खुर्चीतून बाहेर आल्या. साडूसाहेबांनी लगबगीने आपल्या गाडीचे दार उघडिले, आणि तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले की त्या गाडीत चढावयाचे तर पाय कमरेएवढा उचलावा लागतो, आणि नव्या खुब्यास ते वर्ज्य आहे. सासूबाईंनी त्या पायरीकडे पाहिले आणि मान हलविली. साहेबांची गाडी चौदा वर्षे दबून दबून इतकी खाली आली होती की तीत नुसते टेकले की बसणे होत असे. येणेप्रमाणे साडूसाहेबांचा मोड जाहला, आणि यात साहेबांचे कर्तृत्व तिळभर नव्हते हे बखरनवीस शपथेवर लिहितो. तरी साहेबांनी साडूंकडे जी नजर टाकिली ती एखादा किल्ला घेतल्यावर टाकतात तशी होती.

सासूबाई मागे बसल्या, बाईसाहेब त्यांचा हात धरून शेजारी बसल्या, आणि साहेबांनी गाडी ऐसी चालविली की ऐसी त्यांनी आजवर चालविली नव्हती. खड्डा दिसला की थांबत, मग गाडी हळूच त्यात उतरवीत, मग वर चढवीत. मागचे लोक भोंगे वाजवीत, साहेब ऐकत नसत. रेडिओ बंद होता. मागल्या आसनावर दोघी मायलेकी हळू काही बोलत होत्या आणि एकदा दोघी एकदम हसल्या. आरशात साहेबांनी पाहिले तो बाईसाहेबांनी तोंड पदराने पुसले आणि बाहेर पाहू लागल्या. आईचा पाय एकदाही दुखला नाही.

घराच्या दारी गाडी उभी राहिली. साहेबांनी उतरून मागले दार उघडिले. सासूबाईंनी बसल्या जागी आपली कापडी पिशवी उघडिली, आतून बटवा, बटव्यातून घडी केलेली दहाची नोट काढिली, आणि जावयाच्या हातावर ठेवून अगदी गंभीर चेहऱ्याने बोलिल्या, "घे. छान आणलंस हो मला."

आकडा समोर आला होता. साहेबांची जीभ सवयीने उचलली गेली, ओठ 'वीस करा' म्हणण्यास विलग जाहले, आणि त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. साहेबांनी तोंड मिटले, नोट भाव करायच्या शर्टाच्या खिशात ठेविली, आणि वाकून सासूबाईंस हात दिला.

हेडक्लार्कसाहेबांनी हयातीत घासाघीस न करिता घेतलेली ही पहिली रक्कम. ती अद्याप त्याच शर्टाच्या खिशात असून शर्ट दाराआडच्या खिळ्यावर आहे, आणि खर्चण्यास कोणाची मंजुरी नाही. मोहीम फत्ते जाहली, फुगलेला टायर भंगारात गेला, आवाज कायमचा बंद. चुकलेमाकले वाचणाराने फुगू न देता वेळीच बदलून घ्यावे, इतके सांगून शाई पुसली असे.